‘तारे जमीन पर’ आणि परीक्षेची भीती

आमिर खान यांचा ‘तारे जमीन पर’ २००७ च्या डिसेंबरमध्ये प्रदर्शित झाला आणि ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घरोघरी पोहोचला. विज्ञानाच्या कसोटीवर हा चित्रपट कितपत उतरतो?

मुंबईचा ईशान अवस्थी तिसरीत दुसऱ्यांदा बसला आहे. ‘मला येत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मला करायचे नाही’ असे दाखवणे त्याला सोपे जाते. वडील आणि शिक्षक यालाच त्याचा स्वभाव समजतात. हट्टीपणा हे अपयशाचे कारण नसून परिणाम आहे, हे निकुंभ सर उलगडून दाखवतात. चित्रपटाचे खरे यश येथे आहे.

मात्र ‘अक्षरे नाचतात’ हे दृश्य दिशाभूल करते. डिस्लेक्सियाचे मूळ बहुतांशी डोळ्यांत नसते; अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात अडचण असते.

परीक्षेची भीती तर चित्रपटाने निसटतीच हाताळली आहे. लिबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ साली या भीतीचे दोन घटक वेगळे केले: छातीतली धडधड आणि मनातली काळजी. गुण अधिक घटवते ती काळजी, कारण विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती ती अडवते. अशा मुलाची तीच स्मृती प्रश्न वाचण्यातच खर्च होत असते. म्हणजे दोन्ही ओझी एकाच खांद्यावर येतात.

शेवटी ईशान चित्रस्पर्धा जिंकतो. पण ज्याच्या हातात कुंचला नाही, त्याचे काय? अपंगत्वाची भरपाई करणारी प्रतिभा प्रत्येकात दडलेली असते, असा समज यातून होतो. तो अन्यायकारक आहे.

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. वाढीव वेळ ही मेहेरबानी नव्हे, एक ओझे उतरवण्याचा उपाय आहे.

मुलुंड काय, बोरिवली काय, भरलेल्या वर्गातही शिक्षकाला एक गोष्ट करता येईल. लेखी चुकलेला प्रश्न मुलाला एकांतात, तोंडी विचारावा. उत्तर बरोबर आले, तर कमतरता ज्ञानात नाही. हे निदान नव्हे. पण ‘आळशी’ असा शेरा मारण्यापूर्वी थांबायला आणि मुलाला तज्ज्ञांकडे पाठवायला एवढे पुरेसे आहे.