पाया कुणाचा आणि सही कुणाची?

आजच्या शीर्षकात दोन शब्द आहेत, ‘उलथापालथ’ आणि ‘पाया’. कृत्रिम बुद्धिमत्ता हा नव्या उत्पादनांचा पाया आहे आणि तो जुनं सगळं उलथून टाकणार, असं उद्योगजगत सांगतं. पहिल्या शब्दावर फार वेळ घालवत नाही. क्लेटन ख्रिस्टेन्सेन यांच्या १९९७ च्या पुस्तकात त्याला नेमका अर्थ होता: सुरुवातीला स्वस्त, निकृष्ट वाटणारी वस्तू खालच्या ग्राहकापासून वर चढत जाते आणि प्रस्थापितांची बाजारपेठ घेते. आता कुठलंही ॲप निघालं की ते ‘डिसरप्टिव्ह’!

माझी खरी तक्रार ‘पाया’ या शब्दाशी आहे. २०२१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘फाउंडेशन मॉडेल’ हे नाव रूढ केलं. अफाट मजकुरावर शिकवलेलं एक मॉडेल. त्यावर कुणी वकिलांसाठी, कुणी डॉक्टरांसाठी उत्पादन उभारायचं. हा पाया मध्यवर्ती असला तरी अपुरा आहे, हेही त्यांनी त्याच अहवालात लिहिलं होतं. विकणाऱ्यांनी ‘पाया’ तेवढा उचलला.

देकार्तला पाया हवा होता तो ज्यावर शंकाच घेता येणार नाही असा. ते राहू द्या. घराचा पाया निदान जागेवर तरी राहतो. इथे काय झालं बघा. जॅस्पर ही अमेरिकन कंपनी ओपनएआयच्या जीपीटी-३ च्या आधारावर जाहिरातीचा मजकूर लिहून देणारं साधन विकत होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांनी तिचं मूल्य दीड अब्ज डॉलर धरलं. ३० नोव्हेंबरला ओपनएआयनं चॅटजीपीटी सगळ्यांना फुकट खुलं केलं. पुढच्या वर्षी जॅस्परमध्ये नोकरकपात झाली. आणि ४ जानेवारी २०२४ ला ओपनएआयनं जीपीटी-३ ची जुनी मॉडेलं बंदच केली. त्यांवर ज्यांची उत्पादनं उभी होती त्यांनी बिऱ्हाड हलवायचं. ही भाड्याची जागा झाली! मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूलासुद्धा यापेक्षा जास्त संरक्षण असतं.

कुणी म्हणेल, कारखान्याची वीजही दुसऱ्याचीच असते. खरं आहे. पण वीज काही विधान करत नाही. मॉडेल करतं, आणि इथे प्रश्न ज्ञानाचा होतो. न्यायदर्शनानं शब्द हे प्रमाण मानलं, पण आप्ताचा शब्द. ज्याला विषय प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जो तो जसा आहे तसा सांगू इच्छितो, तो आप्त. मॉडेल मात्र आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द काढतं. २०२३ साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले. हे खरे आहेत ना, असं वकिलानं त्यालाच विचारलं होतं. ते ‘हो’ म्हणालं. ५,००० डॉलर दंड झाला, वकिलांच्या बाजूला. योग्यच झालं, कारण कागदावर सही वकिलाची होती.

आता तेच यंत्र ‘कायदेविषयक साहाय्यक’ अशा एखाद्या उत्पादनाच्या पोटात घाला, आणि ते थेट पक्षकाराला विका. उत्तर चुकलं तर विक्रेता मॉडेलकडे बोट दाखवणार, मॉडेलवाला वापराच्या अटींकडे. सही कुणाचीच नाही. म्हणून तुमच्या बँकेत, दवाखान्यात अशी वस्तू कुणी विकायला आला, तर करारात एक कलम मागा: चुकीच्या उत्तराची भरपाई कोण देणार, नावानिशी. बरं, आता प्रश्न घेऊ.