आशेची चिकित्सा : ऑड्री लॉर्ड यांच्या ‘द कॅन्सर जर्नल्स’चे एक वाचन

प्रस्तावना

कर्करोगाविषयीच्या मराठी वृत्तपत्रीय लेखनात दोन शब्दप्रयोग सातत्याने आढळतात. रुग्ण बरा झाला तर त्याने ‘कर्करोगावर मात केली’ असे म्हटले जाते आणि दगावला तर ‘कर्करोगाशी सुरू असलेली झुंज अपयशी ठरली’ असे लिहिले जाते. या भाषेमागील हेतू चांगलाच असतो. तथापि जगणे हा विजय मानला की मरण हा आपोआप पराभव ठरतो आणि पराभवाची जबाबदारी रुग्णाच्या मनोबलावर येऊन पडते. स्तनांच्या कर्करोगाच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. कारण येथे स्त्रीने खंबीर राहावे, हसतमुख राहावे आणि पूर्वीसारखेच दिसावे, अशी तिहेरी अपेक्षा केली जाते. अमेरिकन कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड (१९३४-१९९२) यांच्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) या छोटेखानी पुस्तकाने ही अपेक्षा नाकारली, परंतु आशा मात्र नाकारली नाही. या दोहोंतील भेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मौनाकडून भाषेकडे

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे डिसेंबर १९७७ मध्ये शिकागो येथे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या व्यासपीठावर दिलेले व्याख्यान होय. त्यापूर्वी काही काळ लॉर्ड यांच्या स्तनात गाठ आढळली होती. ती निरुपद्रवी निघाली. परंतु निदानाची वाट पाहण्याच्या तीन आठवड्यांत, आपण न बोललेल्या गोष्टींनी आपले संरक्षण केलेले नाही, याची जाणीव त्यांना झाली. १९७८ मध्ये दुसरी गाठ मात्र कर्करोगाची निघाली आणि त्यांचा उजवा स्तन काढावा लागला. उर्वरित दोन भाग या अनुभवातून सिद्ध झाले आहेत.

पुस्तकाचा आकृतिबंध लक्षणीय आहे. वैचारिक निबंधाच्या ओघात रोजनिशीतील टिपणे मधेमधे येतात. निबंध विचार मांडतो, तर टिपण भीती, थकवा, वेदना आणि संताप नोंदवते. निराशेकडून आशेकडे जाणारा सरळ चढता आलेख येथे नाही. पुढच्या पानावर धैर्याची भाषा आली म्हणून मागच्या पानावरील भय पुसले जात नाही. या संमिश्रतेमुळेच लॉर्ड यांची आशा विश्वसनीय वाटते.

कृत्रिम स्तन : दिलासा की आच्छादन?

शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात ‘रीच टू रिकव्हरी’ या उपक्रमाची एक स्वयंसेविका लॉर्ड यांना भेटावयास आली. टेरीझ लॅसर यांनी १९५२ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम १९६९ पासून अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली आला होता. स्वतः या आजारातून गेलेल्या स्त्रीने दुसरीला धीर द्यावा, ही त्यामागील कल्पना निःसंशय मोलाची होती. परंतु त्या भेटीत लॉर्ड यांना लोकरीचा, फिकट गुलाबी रंगाचा कृत्रिम स्तन देण्यात आला. तो त्यांच्या त्वचेच्या रंगाशी जुळणारा नव्हता. ‘पूर्ववत दिसणे’ म्हणजे नेमके कोणासारखे दिसणे, हा प्रश्न त्या एका तपशिलातून उभा राहतो. पुढे शल्यचिकित्सकाच्या दवाखान्यातील परिचारिकेने, कृत्रिम स्तन न लावता आल्यास इतरांचे मनोधैर्य खचते, अशा आशयाची सूचना केली. इस्रायलचे सेनानी मोशे दायान यांच्या डोळ्यावरील पट्टीत जगाला शौर्य दिसते, मग स्त्रीच्या शरीरावरील व्रण लपविण्याजोगा का ठरावा, असा लॉर्ड यांचा रोकडा युक्तिवाद आहे. व्रण लपविल्याने समदुःखी स्त्रिया एकमेकींना ओळखू शकत नाहीत आणि म्हणून संघटितही होऊ शकत नाहीत, हे त्यांचे प्रतिपादन या पुस्तकाचा गाभा होय.

आशा आणि आयुर्मान

सूझन सोंटॅग यांनी ‘इलनेस ॲज मेटाफर’ (१९७८) मध्ये कर्करोगाभोवतीच्या युद्धाच्या रूपकांची आणि ‘दबलेल्या भावनांमुळे कर्करोग होतो’ या समजुतीची चिकित्सा केली. १९७५ मध्ये त्यांना स्वतःला स्तनांचा कर्करोग झाला होता. तरीही त्यांनी त्या ग्रंथात स्वतःविषयी मौन पाळले. लॉर्ड यांनी नेमका उलट मार्ग स्वीकारला. पुढे बार्बरा एरेनराइक यांनी २००१ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकातील लेखात आणि २००९ च्या ‘ब्राइट-साइडेड’ या ग्रंथात गुलाबी फितीच्या सक्तीच्या आनंदावर टीका केली.

या टीकेस संशोधनाचाही आधार मिळतो. डेव्हिड स्पीगेल व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गटोपचारामुळे रुग्णांचे आयुष्य वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. परंतु २००१ मध्ये पामेला गुडविन व सहकाऱ्यांनी आजार शरीरात पसरलेल्या २३५ स्त्रियांचा अभ्यास केला, त्यात आयुर्मान वाढल्याचे आढळले नाही. मानसिक त्रास आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली. २००७ मध्ये स्वतः स्पीगेल यांच्या नव्या अभ्यासातही एकूण आयुर्मानात वाढ दिसली नाही. याचा अर्थ आशा निरर्थक आहे असा नव्हे. आशा हे औषध नाही. ती उरलेल्या दिवसांची प्रत बदलते. म्हणूनच ‘ती खचली, म्हणून गेली’ हे उद्गार वैद्यकीयदृष्ट्या निराधार आणि नैतिकदृष्ट्या अन्यायकारक ठरतात.

काही मर्यादा

या पुस्तकाचे वाचन भाबडेपणाने करता येणार नाही. निवडीचा अधिकार लॉर्ड तत्त्वतः मान्य करतात. तथापि कृत्रिम स्तन स्वीकारणाऱ्या स्त्रीविषयीचा त्यांचा सूर क्वचित कठोर होतो. नोकरीच्या ठिकाणी नको त्या नजरा टाळण्यासाठी तो वापरणारी स्त्री आत्मवंचना करते, असे म्हणता येणार नाही. १९८४ मध्ये आजार यकृतात पसरल्याचे कळल्यावर लॉर्ड यांनी यकृताची बायॉप्सी नाकारली आणि युरोपात मिसलटो या बांडगुळाच्या अर्काचे उपचार घेतले. ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ (१९८८) मध्ये याची नोंद आहे. या अर्काने आयुष्य वाढते, असा खात्रीशीर पुरावा नाही. लेखिकेचा वाङ्मयीन अधिकार वैद्यकीय अधिकार मानू नये, हे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे. शिवाय बर्नार्ड फिशर यांच्या १९८५ च्या चाचणीने, योग्य रुग्णांत केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यास संपूर्ण स्तन काढण्याइतकेच आयुर्मान लाभते, हे दाखवून दिले. हे निष्कर्ष लॉर्ड यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी उपलब्ध नव्हते.

समारोप

ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनांचा कर्करोग होतो आणि सुमारे ९८ हजार मृत्युमुखी पडतात. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केलेल्या तपासणीमुळे आजार लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. गाठीविषयी कोणाशी तरी बोलता येणे, कोणीतरी ती तपासणे आणि वेळेवर उपचार मिळणे, या आशेच्या भौतिक अटी आहेत. लॉर्ड यांनी मौनाविरुद्ध मांडलेला विचार येथे सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नाशी येऊन मिळतो. रुग्णाला ‘धीर धर’ असे सांगताना तो धीर धरता येईल अशी व्यवस्था आपण उभी केली आहे काय, हा प्रश्न हे पुस्तक निरोगी वाचकापुढे ठेवते. त्याचे आजचे महत्त्व त्यातच सामावलेले आहे.