कोळशाचा प्रदेश आणि त्याची संग्रहालये : एक चिकित्सा

संग्रहालय या संस्थेची आपली कल्पना बहुधा प्राचीनतेशी निगडित असते. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयाने ख्याती मिळविली ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तूंमुळे. त्यांतील पोसायडनची कांस्यमूर्ती पाहताना ती कोणी घडविली, हे विचारण्याचे प्रेक्षकाच्या मनातही येत नाही. काळाच्या अंतराने तो प्रश्न आपोआप निकालात निघालेला असतो. परंतु ज्या वस्तू हाताळणारी माणसे अद्याप हयात आहेत, अथवा ज्यांची मुले व नातवंडे त्याच गावात वावरत आहेत, अशा वस्तूंचे संग्रहालय उभे राहते तेव्हा हा प्रश्न टाळता येत नाही. बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींना वारसास्थळांचे रूप देण्याचे जे प्रयत्न गेल्या काही दशकांत निरनिराळ्या देशांत झाले, त्यांचे परीक्षण या एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने करावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोल्हापूरच्या भूमीत दगडी कोळसा नाही. तथापि २००३ मध्ये बंद पडलेली शाहू मिल येथे आहे. खाणींच्या संग्रहालयांनी काय साधले व काय गमावले, याचा हिशेब त्या दृष्टीने आपल्याला उपयोगी पडण्यासारखा आहे.

प्रथम महाराष्ट्रातील कोळशाच्या प्रदेशाकडे वळू. वर्धा नदीच्या खोऱ्यात, वरोरा येथे, सरकारने १८७० च्या दशकाच्या आरंभी कोळशाची खाण सुरू केली. १९०६ मध्ये ती बंद झाली आणि तिची जागा पुढे बल्लारपूरच्या खाणीने घेतली. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा लोहमार्ग या कोळशासाठीच घालण्यात आला होता. १९२९ मध्ये बल्लारपूर ते काझीपेट हा दुवा पूर्ण झाल्यावर तोच मार्ग दिल्ली आणि मद्रास यांना जोडणारा राजमार्ग बनला. म्हणजे आजही त्या मार्गाने दक्षिणेस जाणारा प्रत्येक प्रवासी एका लुप्त खाणीच्या वारशावरूनच जात असतो. असे असूनही वरोऱ्याचे नाव काढताच सुशिक्षित मराठी वाचकाला आठवते ते बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापिलेले आनंदवन; खाण आठवत नाही. आनंदवनाची थोरवी निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच, की जवळजवळ पस्तीस वर्षे ज्या खाणीत माणसे उतरत होती, तिची स्मृती आपल्या सामान्यज्ञानातून इतकी निःशेष कशी पुसली गेली?

याचे उत्तर ‘वारसा’ या शब्दाच्या आपल्या रूढ अर्थात सापडते. चंद्रपूर म्हटले की गोंड राजांचा कोट, त्यांच्या समाध्या, महाकालीचे व अचलेश्वराचे मंदिर ही वारसास्थळे म्हणून सांगितली जातात, आणि ते योग्यच आहे. २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी त्या कोटाच्या स्वच्छतेसाठी जे श्रम घेतले, ते कोणत्याही विद्यापीठीय विभागाने आदर्श मानावेत असे आहेत. परंतु त्याच जिल्ह्यातील कोळसा हा अद्याप ‘उद्योग’ या सदरात मोडतो. तो चालू आहे तोवर उत्पादनाच्या आकड्यांचा विषय असतो आणि थांबला की विस्मृतीचा. या दोहोंच्या मध्ये इतिहासाला जागाच उरत नाही. २०१६ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी नागपूर जिल्ह्यात सावनेर येथील भूमिगत व गोंडेगाव येथील उघडी खाण पर्यटकांना दाखविण्याचा उपक्रम हाती घेतला. हे पाऊल स्वागतार्ह आहे; कारण ज्या कोळशावर आपले दिवे लागतात तो कोठून येतो, हे नागरिकाने एकदा तरी पाहावे. मात्र येथे खाणीचा मालक हाच प्रेक्षकाचा यजमान असतो, ही मर्यादा ध्यानात ठेवावयास हवी. यंत्रे, उत्पादन आणि सुरक्षितता यांवर यजमानाने भर द्यावा हे स्वाभाविक आहे. खाणीचा सामाजिक इतिहास सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकून अभ्यासकाला मोकळे होता येणार नाही.

ज्या देशांत खाणी खरोखरच बंद पडल्या, तेथील अनुभव या संदर्भात पाहण्यासारखा आहे. जर्मनीतील एसेन शहरातील झोलफेराइन ही खाण १९८६ मध्ये बंद झाली आणि २००१ मध्ये युनेस्कोने तिची जागतिक वारसास्थळांत गणना केली. शुप व क्रेमर या वास्तुविशारदांनी रेखाटलेली, १९३२ मध्ये कार्यान्वित झालेली तिची बारा क्रमांकाची विहीर म्हणजे औद्योगिक वास्तुकलेचा एक मानदंडच होय. तेथील कोळसा धुण्याच्या प्रचंड इमारतीत २०१० पासून रूर प्रदेशाचे संग्रहालय आहे. रेखीवपणा, प्रमाणबद्धता आणि भव्यता हे गुण येथे इतके प्रभावी आहेत की प्रेक्षक प्रथम वास्तूचा रसिक होतो. कामाचा विचार त्याला मागाहून आणि प्रयत्नपूर्वक करावा लागतो. शिवाय वारसास्थळ या कल्पनेतच ‘हे आता संपले’ असे एक आश्वासन दडलेले असते. वस्तुतः ते संपलेले नसते. कोळसा काढल्यामुळे रूर प्रदेशातील जमीन काही ठिकाणी वीस मीटरांहूनही अधिक खचली आहे. २०१८ मध्ये जर्मनीतील शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाल्यानंतरही तेथील पंप भूगर्भातील पाणी उपसतच आहेत, आणि हे काम निरंतर चालू ठेवावे लागणार आहे. खाणीच्या वारशात हा अखंड उपसाही मोडतो; तो केवळ डोळ्यांना दिसत नाही एवढेच.

वेल्समधील ब्लेनॅव्हन येथील बिग पिट ही खाण याहून वेगळ्या मार्गाने गेली. १९८० मध्ये ती बंद झाली व १९८३ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. येथे प्रेक्षकाला डोक्यावर शिरस्त्राण व कमरेला दिव्याची बॅटरी बांधून लोखंडी पिंजऱ्यातून सुमारे तीनशे फूट खाली नेले जाते. तत्पूर्वी आगपेटी, घड्याळ, बॅटरीवर चालणारी वस्तू, जे जे ठिणगी पाडू शकेल ते सारे काढून ठेवावे लागते. खाणकामगारावर असलेले बंधन प्रेक्षकही क्षणभर पाळतो. वाट दाखविण्याचे काम आरंभापासून माजी खाणकामगारांकडे सोपविण्यात आले, ही या संग्रहालयाची खरी श्रीमंती होय. कारण यंत्र स्वतःविषयी फार थोडे बोलते. जॉर्ज ऑर्वेलने १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द रोड टू विगन पिअर’ या ग्रंथात नोंदविले आहे की पिंजऱ्यातून उतरल्यावर कोळशाच्या थरापर्यंत वाकून, प्रसंगी रांगत, दीर्घ अंतर जावे लागे, आणि या वेळेची मजुरी कामगाराला मिळत नसे. ही न मिळालेली मजुरी कोणत्या काचेच्या कपाटात मांडता येईल? ती सांगण्यास माणूसच हवा, नाही तर कागद हवा. हे वाटाडे वृद्ध होतील तेव्हा त्यांच्याबरोबर संग्रहालयाचा अर्धा संग्रहच निघून जाईल, अशी भीती म्हणूनच अनाठायी नाही.

आशियातील दोन उदाहरणे या प्रश्नाची नैतिक बाजू अधिक उघड करतात. सुमात्रा बेटावरील सावाहलुंतो येथील ओम्बिलिन खाण डच राजवटीत सुरू झाली व २०१९ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरली. तेथे साखळदंड घातलेल्या कैद्यांकडून काम करून घेतले जाई. स्थानिक भाषेत त्यांना ‘ओरांग रांताई’, म्हणजे साखळीची माणसे, असे म्हणत. ही साखळी तेथील कथनातून वगळलेली नाही. किंबहुना तिच्यामुळेच त्या स्थळाला अर्थ प्राप्त होतो. याउलट जपानमधील हाशिमा बेटाचे. १९७४ मध्ये बंद झालेली ही खाण २०१५ मध्ये मेइजी काळातील औद्योगिक स्थळांच्या समूहात जागतिक वारसास्थळ म्हणून नोंदविली गेली. त्या वेळी १९४० च्या दशकात कोरियातून व अन्यत्रून माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणून कष्टप्रद स्थितीत राबविण्यात आले होते हे प्रेक्षकांना कळेल, अशी व्यवस्था करण्याचे जपानने मान्य केले. २०२० मध्ये टोकियोत माहिती केंद्र उघडले. परंतु २०२१ मध्ये जागतिक वारसा समितीला या आश्वासनाच्या अपूर्ततेबद्दल तीव्र खेद व्यक्त करावा लागला. दोन्ही ठिकाणी वास्तू आहेत, अवशेष आहेत, प्रवासी आहेत. फरक पडतो तो कामावर कोण होते हे सांगण्याच्या तयारीत.

आपल्याकडील एक अनुपस्थिती येथे आवर्जून नोंदविली पाहिजे. भारतीय कोळसा-खाणींत स्त्रिया मोठ्या संख्येने भूगर्भात काम करीत. १९२९ च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढले. महायुद्धात कोळशाची निकड भासताच १९४३ मध्ये ही बंदी उठविण्यात आली आणि १९४६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. गरज पडताच आत, गरज सरताच बाहेर, हा खाणकामगार स्त्रीचा इतिहास उद्या उभ्या राहणाऱ्या एखाद्या संग्रहालयात शिरस्त्राण घातलेल्या पुरुषाच्या एका पुतळ्याआड सहज लपून जाईल.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की संग्रहालय म्हणजे न्यायालय नव्हे. लोक तेथे ज्ञानासाठी आणि आनंदासाठी येतात, आणि उजाड झालेल्या गावाला पर्यटनाने चार पैसे मिळत असतील तर त्यात वावगे काय? हा आक्षेप उपेक्षणीय नाही. मात्र वर दिलेली उदाहरणेच त्याचे उत्तर देतात. बिग पिटचा प्रेक्षक माजी कामगाराच्या तोंडून खाण ऐकतो म्हणून त्याचा आनंद उणावत नाही, उलट तो गहिरा होतो. ज्ञान आणि सत्य यांत विरोध कल्पिण्याचे कारण नाही.

आता शाहू मिलकडे येऊ. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये, म्हणजे वरोऱ्याची खाण बंद झाली त्याच वर्षी, कोल्हापुरात ही गिरणी स्थापन केली. तिच्या जागेवर महाराजांचे स्मारक उभारण्याची योजना दीर्घकाळ चर्चेत आहे, आणि २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे कार्यक्रमही त्याच वास्तूत झाले. संस्थापकाचे स्मारक व्हावे हे सर्वथा उचित आहे. तथापि झोलफेराइनमध्ये वास्तूच्या सौंदर्याने जे घडते, ते येथे संस्थापकाच्या थोरवीने घडण्याचा संभव आहे. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणाऱ्या राजाच्या स्मारकात साच्यावर उभा राहणारा मनुष्य अनामिक राहिला, तर ते त्या राजाच्याच दृष्टीशी विसंगत ठरेल.

या कामाला मुदत आहे. गिरणी बंद झाली त्या वर्षी जो कामगार चाळिशीत होता, तो आज साठी ओलांडून गेला आहे. साचेखात्यात कोणत्या पाळीला कोण येई, बदली कामगाराला फाटकाशी किती वेळ तिष्ठावे लागे, मुकादमाची मर्जी कशी राखावी लागे, भोंग्यावर घराघरांतील स्वयंपाकाच्या वेळा कशा बांधलेल्या होत्या, हे सारे सांगू शकणारी माणसे याच शहरात आहेत. असे काम होऊ शकते, याचा दाखला मुंबईने दिला आहे. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेला ग्रंथ २००४ मध्ये इंग्रजीत आला आणि पुढे ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ या नावाने मराठीतही उपलब्ध झाला. गिरणी-संग्रहालयाची इमारत पुरी होण्याची वाट न पाहता हे झाले, ही त्यातील शिकण्याची गोष्ट.

तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वारसास्थळांच्या सहलींचे वृत्तान्त लिहिताना वास्तूच्या वर्णनावर थांबू नये, एवढीच अपेक्षा नाही. हजेरीपट, पगारपत्रके, कामगार संघटनांचे कागद आणि हयात कामगारांच्या मुलाखती यांचा संग्रह विभागाने आत्ताच आरंभावा, असे सुचवावेसे वाटते. वरोऱ्याच्या खाणीत उतरलेल्यांपैकी कोणाला काही विचारण्याची सोय आज उरलेली नाही. शाहू मिलच्या बाबतीत ती अद्याप आहे, आणि येथून पुढे ती दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाणार आहे.