नक्कल आणि सोंग : मोईन अख्तर यांच्या विनोदाचे स्वरूप

‘अष्टपैलू’ हे विशेषण आपल्याकडे नटांच्या बाबतीत इतक्या सढळ हाताने वापरले जाते की, त्याने स्तुती होते पण बोध होत नाही. पाकिस्तानातील उर्दू दूरचित्रवाणीचे विख्यात विनोदी नट मोईन अख्तर (१९५०–२०११) यांच्याविषयी जे जे लिहिले गेले आहे त्यात हे विशेषण न चुकता आढळते. त्यांनी नकला केल्या, नाटके केली, सूत्रसंचालन केले, गाणी म्हटली, अनेक भाषांचे आणि बोलींचे उच्चार आत्मसात केले. ही यादी वाटेल तितकी वाढवता येईल. परंतु यादी म्हणजे मूल्यमापन नव्हे. एका नटाने शेकडो माणसे उभी केली असे म्हणताना, त्या शेकडो माणसांत एखादे सूत्र आहे की नाही, आणि असल्यास ते कोणते, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे. प्रस्तुत लेखात तेवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

विचाराच्या सोयीसाठी मराठीतीलच दोन शब्द घेऊ. ‘नक्कल’ हा शब्द अरबी ‘नक्ल’वरून फारसीच्या द्वारे आपल्याकडे आला. मूळ अर्थ एका ठिकाणची वस्तू दुसरीकडे नेणे. त्यावरून प्रत उतरवणे. कचेरीतली नक्कल आणि रंगमंचावरची नक्कल या दोहोंना मराठीत एकच शब्द आहे, हे अर्थपूर्ण होय. उर्दूत ‘नक्काल’ म्हणजे भांड, म्हणजेच लग्नसमारंभांत आणि सरदारदरकदारांच्या बैठकींत लोकांच्या लकबी उतरवून हसवणारा. दुसरा शब्द ‘सोंग’. नक्कल करणारा मूळ माणसाकडे बोट दाखवतो आणि आपण त्या दोघांतील साम्याला हसतो. सोंग आणणारा असे बोट दाखवीत नाही. तो त्या माणसाच्या जागी जाऊन बसतो. मोईन अख्तर यांची सुमारे पंचेचाळीस वर्षांची कारकीर्द म्हणजे नकलेकडून सोंगाकडे झालेला प्रवास आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

या प्रवासाला कराची हे शहर कारणीभूत आहे. सिंध १९३६ साली मुंबई इलाख्यातून वेगळा झाला, तोवर हे शहर आपल्याच इलाख्यातले होते. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा तेथे अद्याप उभी आहे. सिंधी, बलुची, गुजराती, मेमणी, कच्छी, पारशांची गुजराती असा भाषासंभार तेथे पूर्वीपासून होताच. फाळणीनंतर दिल्ली, लखनौ, मुरादाबाद, भोपाळ, हैदराबाद अशा नाना ठिकाणांहून निर्वासितांचे लोंढे आले, आणि १९४१ साली सुमारे चार लाख वस्ती असलेले शहर १९५१ पर्यंत दहा लाखांच्या वर गेले. पुढे पठाण आले, पंजाबी आले, बंगाली आले. उर्दू ही राष्ट्रभाषा ठरली खरी; पण कराचीत ती प्रत्येकाच्या तोंडी वेगळी होती. या शहरात २४ डिसेंबर १९५० रोजी जन्मलेल्या मुलाच्या कानांवर लहानपणापासून काय पडत असेल, याची कल्पना करता येते. जेथे एकच भाषा दहा प्रकारांनी बोलली जाते तेथे उच्चार हीच माणसाची ओळख ठरते. तो कोठून आला, काय गमावून आला, आणि आता कोण असल्याचा बहाणा करतो आहे, हे सारे उच्चारात उमटते.

६ सप्टेंबर १९६६ रोजी झालेल्या एका विविधरंजन कार्यक्रमातून मोईन अख्तर प्रथम लोकांसमोर आले, तेव्हा त्यांना सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. पाकिस्तानात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १९६४ च्या नोव्हेंबरात लाहोरला झाला होता. म्हणजे हा नट आणि हे माध्यम जवळजवळ बरोबरीनेच वाढले. आरंभीचे त्यांचे भांडवल नकलेचे. प्रसिद्ध व्यक्तींचे आवाज हुबेहूब काढणे, चित्रपटांतील नटांच्या ढबी उतरवणे, यावर त्यांची कीर्ती झाली. या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु नकलाकार मूळ व्यक्तीच्या कीर्तीवर जगतो, आणि त्या व्यक्तीला लोक विसरले की नक्कलही विसरली जाते. बहुसंख्य नकलाकार येथेच थांबतात. मोईन अख्तर थांबले नाहीत, याचे बरेचसे श्रेय त्यांना भेटलेल्या लेखकाकडे जाते.

तो लेखक म्हणजे अन्वर मक्सूद. यांचा जन्म हैदराबादचा. मराठवाडा ज्या संस्थानात मोडत होता त्याच संस्थानाच्या राजधानीत जन्मलेल्या आणि पुढे कराचीस गेलेल्या या लेखकाच्या उपहासात दरबारी आदब आणि तिरकसपणा यांचे जे मिश्रण आढळते, ते आपल्याकडील दखनीच्या अभ्यासकांना अपरिचित वाटू नये. ‘स्टुडिओ ढाई’ आणि ‘स्टुडिओ पौने तीन’ (अडीचवरून पावणेतीनवर जाण्यातली गंमत मराठी वाचकाला वेगळी सांगावी लागत नाही) या कार्यक्रमांतून ही जोडी जमत गेली. ‘हाफ प्लेट’ या नाटकात मोईन अख्तर यांनी एका दरिद्री शायराची भूमिका केली; खालिदा रियासत त्यात त्यांच्या पत्नीच्या भूमिकेत होत्या. भुकेला कवी हे विनोदाचे अत्यंत शिळे गिऱ्हाईक. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. हा शायर नेमके तेच सोंग आणू पाहतो, आणि घरातल्या बाईसमोर ते क्षणोक्षणी उघडे पडते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, नट शायराची टिंगल करीत नाही. शायराचा स्वतःच्या प्रतिष्ठेवर पूर्ण विश्वास आहे. प्रेक्षकांना दिसते ते त्या विश्वासाचे आणि रिकाम्या ताटाचे अंतर.

‘रोझी’ (१९९०) या नाटकाचा विचार अधिक तपशिलाने करावयास हवा. ‘टूटसी’ या १९८२ सालच्या अमेरिकन चित्रपटावरून इम्रान अस्लम यांनी ते लिहिले आणि साइरा काझमी यांनी दिग्दर्शित केले. काम मिळत नाही म्हणून हारून नावाचा नट स्त्रीवेष घेतो, आणि रोझी या नावाने लोकप्रिय होतो, असे त्याचे कथानक. कथा परकी आहे, पण ती ज्या वेळी आली तो काळ पाकिस्तानचा स्वतःचा होता. जनरल झिया उल हक यांच्या राजवटीत सरकारी दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या स्त्रियांच्या डोक्यावरील पदरासंबंधी आज्ञा सुटल्या होत्या. झिया १९८८ च्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात मरण पावले आणि त्याच वर्षाअखेर बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या. त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याच सरकारी पडद्यावर एक पुरुष स्त्री होऊन बसला. या कृतीतील धोका दुहेरी होता. एकीकडे सनातनी मंडळींचा रोष, आणि दुसरीकडे त्याहून मोठा, म्हणजे उत्तानतेचा. उपखंडातील रंगभूमीवर साडी नेसलेला विनोदी पुरुष हा हमखास हशाचा आणि तितक्याच हमखास हीन अभिरुचीचा प्रकार आहे.

मराठी वाचकाला येथे बालगंधर्वांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ती तुलना फसवी ठरेल. बालगंधर्वांच्या भूमिकेत प्रेक्षकाने पुरुषाला विसरावे, हा संकेत होता. ‘रोझी’त प्रेक्षकाने पुरुषाला क्षणभरही विसरता कामा नये, किंबहुना तो पुरुष आत काय पाहत आहे हाच नाटकाचा विषय आहे. मोईन अख्तर यांनी नखरा टाळला. हातवारे आखडते घेतले. त्यांची रोझी ही एक सभ्य, कष्टाळू, स्वाभिमानी बाई आहे, आणि तिच्याभोवती घोटाळणारे पुरुष हास्यास्पद आहेत. भरताने हास्याचे विभाव सांगताना विकृत वेष आणि विकृत अलंकार यांना अग्रस्थान दिले आहे. ‘रोझी’मध्ये वेष आहे, पण हसू वेषाला येत नाही, ते त्या वेषाकडे पाहणाऱ्यांच्या वर्तनाला येते. विभावाचे स्थान असे एका पात्रावरून दुसऱ्या पात्रांवर सरकवणे हे नटाचे सामर्थ्य होय. लेखनात ते सुचवता येते, परंतु नटाने एकदाही प्रेक्षकांकडे पाहून डोळा मिचकावला असता तर ते सगळे कोसळले असते. त्यांनी तो मिचकावला नाही. आमच्या मते त्यांच्या सर्व कामांत हे श्रेष्ठ आहे.

मधल्या काळातील रंगमंचीय प्रहसनांसंबंधी थोडक्यात बोललेले बरे. उमर शरीफ यांच्यासह केलेल्या ‘बकरा किस्तों पे’ या नाटकाच्या ध्वनिचित्रफिती भारतातही घरोघर फिरल्या, आणि आपल्याकडील पुष्कळांना मोईन अख्तर हे नाव तेथूनच ठाऊक आहे. उमर शरीफ यांची शीघ्र कोटीबाजी हा स्वतंत्र विषय आहे. तिच्यासमोर मोईन अख्तर काहीसे मागे राहिलेले दिसतात. त्यांचा विनोद गर्दीत खुलत नाही, त्याला शांतता लागते.

ती शांतता त्यांना आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात ‘लूज टॉक’ने दिली. खाजगी वाहिन्यांना परवानगी मिळाल्यानंतरच्या काळात, २००५ पासून, ‘एआरवाय डिजिटल’वर दाखवल्या गेलेल्या या कार्यक्रमाची रचना कमालीची साधी आहे. अन्वर मक्सूद मुलाखत घेणारे, आणि समोर दर खेपेस निराळे पाहुणे म्हणून मोईन अख्तर. कधी भिकारी, कधी शायर, कधी खेळाडू, कधी पुढारी. भाग सुमारे चारशे. कथानक नाही, हालचाल जवळजवळ नाही; नट खुर्चीला खिळलेला. म्हणजे सोंगाची सारी साधने काढून घेतली, आणि उरले ते रंगभूषा, चेहरा आणि वाणी.

बर्गसाँने हास्याची उपपत्ती लावताना असे दाखवले की, जिवंत माणूस यंत्रासारखा ताठर वागू लागला की आपण हसतो. ‘लूज टॉक’मधील पाहुण्यांना ही उपपत्ती लावून पाहावी; ती लागू पडत नाही. ही माणसे ताठर नाहीत, अतिशय लवचीक आहेत. प्रश्नकर्ता त्यांना कोपऱ्यात गाठतो, आणि ती तेथल्या तेथे नवे तर्कशास्त्र निर्माण करून बाहेर पडतात. भिकारी आपल्या धंद्याची अशा गांभीर्याने मांडणी करतो की, प्रश्न विचारणाराच अज्ञ ठरावा. खोटे पकडले गेल्यावर लाज नाही, राग आला तर तोही दुखावलेल्या सज्जनाचा. आणि या सर्वांत एक गोष्ट कधीही बदलत नाही, ती म्हणजे आपण विनोदी आहोत हे पात्राला ठाऊक नसते. आरंभी ज्या सूत्राविषयी प्रश्न केला ते सूत्र हेच होय. ‘हाफ प्लेट’मधील शायर, रोझी, आणि ही शेकडो पाहुणे मंडळी, सर्वजण आपापली प्रतिष्ठा जपण्याच्या खटाटोपात आहेत. जुने घर मागे ठेवून आलेल्यांच्या शहरात ‘आम्ही तिकडे कोण होतो’ हे सांगत राहणे ही जगण्याची गरज असते; आणि ते सांगणे ऐकून घेणाऱ्याचा कान मोईन अख्तर यांच्यापाशी होता.

हा कान सर्वत्र सारखाच सहृदय राहिला असे मात्र म्हणता येणार नाही. जेथे पात्राला विचार आहे तेथे उच्चार त्याची शोभा वाढवतो. जेथे संहितेने विचार दिलेला नाही तेथे उच्चारच विनोद होऊन बसतो. बंगाली ढबीची उर्दू बोलणारी जी पात्रे त्यांनी केली, त्यांत हा दोष विशेष खुपतो. १९५२ साली बंगालीच्या हक्कासाठी ढाक्यात माणसे मारली गेली आणि १९७१ साली तो देशच वेगळा झाला, हा इतिहास असताना कराचीतील प्रेक्षकाने बंगाल्याच्या ‘स’ आणि ‘श’ला हसणे ही निरागस गोष्ट राहत नाही. बलवानाने दुबळ्याच्या उच्चाराला हसणे सोपे असते. आपल्या रंगभूमीवरील मारवाडी, मद्रासी, गोवेकर पात्रांचा हिशेब मांडला तर आपणही फार वर मान करून बोलू शकणार नाही. अशा जागी मोईन अख्तर सोंगाकडून पुन्हा नकलेकडे घसरले आहेत. त्यांचे चाहते हे मान्य करीत नाहीत. ते म्हणतात, नट ज्याची भाषा इतक्या आवडीने शिकतो त्याचा तो द्वेष कसा करील? द्वेषाचा आरोप कोणी केलेलाच नाही. प्रश्न आहे तो हास्य कोणाच्या बाजूने उभे राहते याचा.

शेवटचा मुद्दा कर्तृत्वाचा. या विनोदाचा कर्ता कोण, लेखक की नट? आपल्या विद्यापीठीय समीक्षेचा कल संहितेकडे असल्यामुळे उत्तर सहजच ‘अन्वर मक्सूद’ असे येईल. आणि वाक्ये त्यांची आहेत हे खरेच. परंतु ‘लूज टॉक’चा कोणताही एक भाग घ्यावा, त्यातील संवाद कागदावर उतरवून वाचावा, आणि मग तो भाग पाहावा. कागदावर जी कोटी आहे ती पडद्यावर पुष्कळदा कबुली झालेली आढळते. प्रश्न आल्यानंतर उत्तराआधी नट जो अवधी घेतो त्यात पात्र खोटे बोलायचे ठरवते; हा निर्णय संहितेत नसतो. उलटपक्षी, जेथे लेखकाने पात्राला केवळ राजकीय टोमण्यांचे वाहन बनवले आहे, तेथे नटही निरुपाय होऊन टोमणेच पोचवतो, आणि असे भाग आज बातम्यांबरोबर शिळे झालेले आहेत. मोईन अख्तर यांना १९९६ साली ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ आणि पुढे ‘सितारा-ए-इम्तियाझ’ हे सन्मान मिळाले; २२ एप्रिल २०११ रोजी कराचीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाची मुद्रणे सुदैवाने बरीच उपलब्ध आहेत. या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम ‘रोझी’ पाहावे, आणि ‘लूज टॉक’चे चार-दोन भाग पडदा झाकून, केवळ ऐकावेत.