हरणाकडून अस्वलाकडे : फॉकनरच्या ‘द बेअर’मधील दीक्षेचे स्वरूप

विल्यम फॉकनर (१८९७–१९६२) यांच्या ‘द बेअर’ या दीर्घकथेचा विचार बहुधा दीक्षाकथा म्हणून केला जातो. मिसिसिपी राज्यातील अरण्यात एक मुलगा प्रथम ससे व खारी मारतो, मग हरिण मारतो आणि अखेर अस्वलाच्या शिकारीस पात्र ठरतो, असा या वाचनाचा क्रम असतो. हरणाची शिकार ही त्यात मधली पायरी ठरते, व अस्वल हे शिखर. हे वाचन सोयीचे आहे, परंतु संहितेचा आधार त्यास पुरेसा मिळत नाही. हरणाच्या शिकारीत मुरलेल्या माणसाला अस्वलासमोर जाताना कोणते कौशल्य उपयोगी पडते आणि कोणते टाकून द्यावे लागते, हाच या कथेतील कळीचा प्रश्न आहे.

प्रथम कालक्रम पाहावा. ‘गो डाउन, मोझेस’ (१९४२) या ग्रंथात ‘द ओल्ड पीपल’ ही कथा ‘द बेअर’च्या आधी येते. तीत आयझॅक, म्हणजेच आइक मॅकॅस्लिन, बाराव्या वर्षी आपले पहिले हरिण मारतो, आणि त्याचा गुरू सॅम फादर्स त्या हरणाचे ऊन रक्त त्याच्या चेहऱ्याला लावतो. वाचक अशा रीतीने हरणाकडूनच अस्वलाकडे येतो. परंतु ‘द बेअर’च्या पहिल्या प्रकरणात काळ मागे सरकतो. दहा वर्षांचा आइक अरण्यात पाऊल टाकतो आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्याला ओल्ड बेन या विख्यात अस्वलाचे दर्शन घडते. म्हणजे अस्वलाचे दर्शन आधी आणि हरणाचा वध नंतर. तेराव्या वर्षी तो एक अस्वल मारतोही. पण ते ओल्ड बेन नव्हे, आणि लेखक ती घटना एका वाक्यात संपवितो. शिकारीची चढती भाजणी सांगणे हा हेतू असता, तर या वधाला एवढे गौण स्थान मिळते ना.

दोन्ही शिकारींच्या पद्धतींतही मूलभूत भेद आहे. हरणाच्या शिकारीत शिकारी नेमून दिलेल्या जागी उभा राहतो. कुत्री जनावर उठवितात आणि ते पळत त्याच्या पल्ल्यात येते. येथे धीर, नेम आणि क्षणाचे भान यांना महत्त्व असते. हरिण पळते; त्याच्या मार्गाचा अंदाज बांधता येतो. ओल्ड बेन मात्र गाठला गेला की उलटतो व कुत्र्यांना फाडतो. शिवाय शिकारी ज्याला शोधतो, तोच शिकाऱ्यास न्याहाळत असतो. आइकला अस्वल दिसण्यापूर्वी अस्वलाने त्याला पाहिलेले असते, आणि भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या आवाजातील बदलावरून व अरण्यातील एकाएकी पसरलेल्या शांततेवरून हे त्याला कळते. येथे नेमबाजीचा अधिकार संपतो.

म्हणूनच पहिल्या भेटीचा प्रसंग निर्णायक ठरतो. सॅमच्या सूचनेवरून आइक बंदूक मागे ठेवतो. तरीही अस्वल दिसत नाही. मग तो घड्याळ व होकायंत्र झुडपाला अडकवितो आणि पुढे जातो. अर्थातच तो वाट चुकतो. सॅमने शिकविल्याप्रमाणे वर्तुळे घेऊन तो आपलाच माग शोधू पाहतो. तोही लागत नाही. शिकलेली विद्या संपते तेथे त्याला अस्वलाचे वाकडे पाऊल उमटलेले दिसते, आणि त्या पाउलांमागून जाताना तो थेट आपल्या घड्याळ-होकायंत्रापाशी पोहोचतो. तेथेच अस्वल दिसते. पुढे एका लहानशा कुत्र्याला वाचविण्यासाठी तो बंदूक टाकून अस्वलाच्या पायांशी धावतो. त्या वेळी सॅमच्या हातातही बंदूक असते. तोही बार काढीत नाही.

तथापि, हरिण म्हणजे केवळ वध आणि अस्वल म्हणजे केवळ संयम, अशी विभागणी करणेही चुकीचे होईल. ‘द ओल्ड पीपल’मध्ये हरणे दोन आहेत. एक आइकच्या गोळीस बळी पडते. दुसरे, भव्य शिंगांचे, समोरून जाते आणि सॅम हात उंचावून त्याला पूर्वज म्हणून वंदन करतो. ‘द बेअर’ या दुसऱ्या हरणाचा विस्तार आहे. त्याच्या शेवटच्या प्रकरणात आइक हेच वंदन एका सर्पाला करतो, यावरून या दुव्याची जाणीव लेखकाला होती हे स्पष्ट होते.

ओल्ड बेन मरतो तो बंदुकीने नव्हे. लायन हा कुत्रा त्याच्या गळ्याला लोंबकळत असता बून हॉगनबेक पाठीवर झेप घेऊन सुरीने त्याला ठार करतो. अस्वलासोबत लायन व सॅम यांचाही अंत होतो. त्यानंतर मेजर द स्पेन त्या अरण्यातील लाकूडतोडीचे हक्क विकून टाकतो. ज्याची शिकार दरवर्षी होत राहावी पण पूर्ण होऊ नये, अशीच सर्वांची अबोल अपेक्षा होती, ती पूर्ण होताच अरण्यही उरत नाही.

येथेच कथा थांबली असती, तर संयमाचे स्तोत्र म्हणून तिचा गौरव करता आला असता. १९५५ साली ‘बिग वुड्स’ या शिकारकथांच्या संग्रहात चौथे प्रकरण वगळून ती तशी छापलीही गेली. परंतु त्या प्रकरणात सोळा वर्षांचा आइक कुटुंबाच्या जुन्या हिशेबवह्यांतून आजोबांचे पाप ओळखतो. गुलाम स्त्रीपासून झालेल्या स्वतःच्या मुलीलाही त्यांनी सोडले नव्हते. एकविसाव्या वर्षी आइक वारसाहक्काची जमीन नाकारतो. बंदूक, घड्याळ, होकायंत्र आणि आता जमीन : त्यागाची साखळी येथे पूर्ण होते. पण अरण्यात जो त्याग दर्शन घडवितो, तो समाजात न्याय घडवीत नाही. जमीन दुसऱ्याच्या हाती जाते, एवढेच. ‘डेल्टा ऑटम’मध्ये ऐंशीच्या घरातील आइकसमोर त्याच अन्यायग्रस्त वंशातील एक स्त्री, त्याच्या नातलग रॉथ एडमंड्झपासून झालेले मूल घेऊन उभी राहते. तो तिला पैसे व एक शिंग देतो आणि उत्तरेकडे जाऊन स्वतःच्या वर्णाच्या पुरुषाशी लग्न करण्यास सांगतो. त्यानंतर रॉथने मारलेले हरिण ही मादी होती, हे त्याला उमगते, आणि कथा तेथेच संपते.

अस्वलाकडे निघालेला शिकारी अखेरीस पुन्हा हरणापाशीच येतो, परंतु आता ते निषिद्ध हरिण आहे. बार न काढण्याची विद्या आइक पूर्णपणे शिकला; दुसऱ्याने काढलेला बार अडविण्याची विद्या मात्र त्याला कोणी शिकविली नव्हती. ‘द बेअर’ला दीक्षाकथा म्हणावयाचे असेल, तर तिच्या या अपूर्णतेसह म्हणावे लागेल. चौथे प्रकरण बाजूस सारून केलेले वाचन शिकारीचे सौंदर्य टिपते, पण तिची किंमत कोणी मोजली हे सांगत नाही.