पार्वतीबाईंचे नाटक

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. त्या रणातून दमाजीराव गायकवाड परतले. म्हणून आम्हां बडोदेकरांना तो दिवस परका वाटत नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला आणि १७७६ साली देहान्त शासनास पात्र ठरला. या प्रकरणावर न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. विषयाची निवड मार्मिक खरी. आमची तक्रार शीर्षकापुरती आहे. तोतया खोटा ठरला, तरी भाऊ गेले हे त्याने सिद्ध होत नाही. वैधव्य न स्वीकारणाऱ्या पार्वतीबाईंची कोंडी नेमकी इथेच आहे. आपल्या हौशी मंडळींनी हे नाटक पुन्हा बसवावे आणि प्रेक्षकांची दृष्टी पार्वतीबाईंकडे वळवावी.