दोन तारांवर चालणारे कारखाने

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत आज पीएलसीचे, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरचे, कुणाला अप्रूप नाही. वाळूचा प्लांट, मोल्डिंग लाईन, भट्टीचे थंड पाणी, कॉम्प्रेसर, ज्याचा त्याचा कंट्रोलर असतो. ही यंत्रे एकमेकांशी बोलतात ती मात्र अजूनही बहुधा आरएस-485च्या पिळाच्या जोडतारेवरून, मॉडबसच्या भाषेत. मोडिकॉन कंपनीने मॉडबस 1979 साली आणला. आरएस-485चे मानक 1983 सालचे. इतकी जुनी जोडी टिकली याचे मला आश्चर्य वाटत नाही. ती खुली आहे, स्वस्त आहे आणि 1200 मीटरपर्यंत जाते. प्रोफिबस हा दुसरा पर्याय 12 मेगाबिटपर्यंत धावतो, पण त्या वेगाला एक तुकडा 100 मीटरच्या पुढे नेता येत नाही.

मॉडबसमध्ये एक मास्टर विचारतो आणि ज्याचा पत्ता पुकारला तोच उत्तर देतो. सेकंदाला 9600 बिटच्या वेगाने दहा रजिस्टर, म्हणजे आकडे साठवण्याचे कप्पे, वाचायला तारेवर सुमारे 40 मिलिसेकंद जातात, म्हणजे तीस एनर्जी मीटरची फेरी दीड-दोन सेकंदांत होते. विजेचा हिशेब ठेवायला एवढे पुरे. पण एक मीटर बंद पडला आणि मास्टर त्याची एकेक सेकंद, तीनदा वाट पाहू लागला, की सगळी फेरी रेंगाळते. मग दोष दिला जातो मॉडबसला.

खरा दोष बहुतेक वेळा वायरिंगचा असतो. इंडक्शन भट्टीच्या पॉवर केबलशेजारून, त्याच ट्रेमधून सिग्नलची तार ओढलेली असते. दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टन्स नसतो. एका तारेला जागोजागी लांब फाटे फोडलेले असतात. दोन शेडच्या अर्थिंगमध्ये फरक असतो. तो उणे 7 ते अधिक 12 व्होल्टच्या बाहेर गेला की पोर्ट जळू शकतो. आयसोलेटेड रिपीटर बसवला तर हे टळते, पण खर्चात काटछाट करताना आधी तोच वगळतात. त्यात भर म्हणजे ए आणि बी ही टोकांची नावे सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत.

तार बरोबर जोडली तरी आकडा बरोबर येईलच असे नाही. मॉडबसचे रजिस्टर 16 बिटांचे, तर दशांश आकड्याला अशी दोन रजिस्टरे लागतात. त्यातले आधी कुठले, हे मॉडबसने ठरवून दिलेले नाही. मीटरवर 415 व्होल्ट दिसत असतात आणि क्रम उलटा लागला तर संगणकावर शून्य. पॅनेलवाला तासन्‌तास केबल तपासत बसतो.

आता या जुन्या तारेला गेटवे लावून मोबाईलवर रिपोर्ट बघण्याची ओढ आहे. ती योग्यच आहे. पण मूळ मॉडबसला पासवर्ड ठाऊक नाही. लिहिण्याची आज्ञा कुणीही धाडली तरी उपकरण ती पाळते. गेटवे थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे भट्टीचे पाणी परक्याच्या हाती देणे. म्हणून गेटवेवर फक्त वाचनाची मुभा ठेवावी. आणि पॅनेलचा शेवटचा हप्ता देण्याआधी रजिस्टरांची छापील यादी व केबलचा नकाशा हातात घ्यावा, तशी अट ऑर्डरमध्येच लिहावी.